आमची वाटचाल : एका मापाच्या पुंगळ्या

आम्ही काडतुसं विकत नाही. काडतुसाची रिकामी पुंगळी विकतो, आणि तीही एकाच मापाची: ७.६५ फ्रेंच लाँग. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला घरामागे गॅरेज आहे, त्यात एक जुना हार्डिंज लेथ, एक बेंच प्रेस आणि मापं तपासायची कपाटभर गेज. कामाला मी आणि माझी बायको. कंपनी म्हणावी एवढा पसारा नाही, पण कागदोपत्री कंपनी आहे आणि दरवर्षी कर भरते.

गाव आमच्या कामाला योग्य आहे. मीडव्हिलला इथे 'टूल सिटी' म्हणतात. टॅलन कंपनीच्या झिपरच्या कारखान्यात घडलेल्या टूलमेकरांनी पुढे आपापली दुकानं थाटली आणि गावात टूल अँड डायची, म्हणजे हत्यारं-साचे करणाऱ्या दुकानांची, रांगच लागली. चॅनेललॉकच्या पकडी आजही इथेच बनतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचा लेथ होता, ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे ते. त्यामुळे इथे नोकरीला आलो तेव्हा बर्फ सोडलं तर फारसं काही परकं वाटलं नाही. कूलंटचा वास सगळीकडे सारखाच.

हे माप आहे कशाचं, ते सांगायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेत जॉन पेडर्सन यांनी स्प्रिंगफील्ड रायफलीला बसणारं एक उपकरण केलं. रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढायचा, हे सरकवायचं, की रायफल पिस्तुलाच्या मापाच्या छोट्या काडतुसांवर भराभर चालायची. अशी ६५ हजार उपकरणं तयार झाली. ती लढाईत कधी उतरलीच नाहीत आणि पुढे सरकारनेच जवळपास सगळी नष्ट केली. काडतूस मात्र टिकलं. फ्रेंचांनी त्याच धर्तीवर आपलं ७.६५ लाँग काढलं आणि १९३५ए व १९३५एस ही दोन सैनिकी पिस्तुलं त्यासाठी बनवली. मास-३८ ही सबमशीनगनही त्याच मापाची. १९३५ए हे शार्ल पेटर यांचं डिझाइन. पुढे स्विस सिग कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्यातूनच पी २१० हे नामांकित पिस्तूल आलं. पण सिगने माप नऊ मिलिमीटर घेतलं. फ्रेंचांनीही १९५० साली नऊ मिलिमीटरचं नवं पिस्तूल स्वीकारलं. ७.६५ लाँग मागे पडलं ते पडलंच.

पिस्तुलं मात्र संपली नाहीत. ती इंडोचायनात गेली, तिथून व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या सामानातून इकडे आली, काही आयात झाली. आमच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्याकडे त्याच्या वडिलांनी आणलेलं १९३५एस होतं. गोळ्या म्हणाल तर जुन्या लष्करी साठ्यातल्या: बर्डन प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे बुडाशी बसणारी, बारूद पेटवणारी टिकली), म्हणजे पुन्हा भरायला कटकटीच्या, आणि एका डब्याला मागतील ती किंमत. म्हणून तो घरी .३२ स्मिथ अँड वेसन लाँगच्या पुंगळ्या ड्रिलमध्ये पकडून कानशीने घासायचा. दहातल्या चार अडकायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने त्या दाखवल्या आणि विचारलं, 'हे लेथच्या कोलेटमध्ये, म्हणजे पकडीत, नीट होईल का?' आमचा धंदा त्या प्रश्नातून निघाला.

कल्पना आमची नाही, हौशी लोक हे फार पूर्वीपासून करतात. .३२ लाँगच्या पुंगळीचा बुडाकडचा व्यास ७.६५ लाँगच्या जवळपास बरोबरीचा आहे. फरक दोन. .३२ रिव्हॉल्व्हरसाठी आहे, म्हणून तिला बुडाशी बाहेर आलेली कड असते. आणि तिची लांबी सुमारे २३ मिलिमीटर, आम्हाला हवी २० च्या आत. कड उतरवायची, पिस्तुलाच्या एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या नखीला, पकडायला खाच पाडायची, तोंड कापायचं. ऐकायला पाच मिनिटांचं काम.

मेख त्या खाचेत आहे. उथळ राहिली तर नखी धरत नाही आणि रिकामी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीतच, बसून राहते. खोल गेली तर बुडाची भिंत पातळ होते, आणि दाब झेलायचा असतो तो नेमका तिथे. ७.६५ लाँगचा दाब .३२ लाँगपेक्षा जास्त, हेही ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून कच्चा माल बघून घेतो. फार जुन्या .३२ च्या पुंगळ्यांचं बूड आतून पोकळ असतं, तसल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेत नाही. प्रत्येक लॉटमधल्या काही पुंगळ्या तयार झाल्यावर उभ्या चिरतो, पॉलिश पेपरवर घासतो आणि भिंगाखाली भिंतीची जाडी बघतो. चिरलेल्या त्या अर्ध्या पुंगळ्या तारखेची चिठ्ठी लावून डब्यात ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाने शंका काढली की त्याच्या लॉटचा फोटो पाठवतो.

लांबीचंही तसंच. कड नसलेली सरळ पुंगळी चेंबरमध्ये तोंडावर टेकते. आखूड झाली तर पुढे सरकते, लांब झाली तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मिटत नाही. हे गेजिंग बायको करते. ती मूळची बँकेतली, मायक्रोमीटर कधी हातात धरला नव्हता. आता 'अहो, टूल बसलंय तुमचं, बदला' हे तिला माझ्या आधी कळतं. पितळेचा कीस बारीक सुईसारखा यायचा तो भुरभुरा यायला लागला की ती यंत्र थांबवते.

भरलेली काडतुसं का विकत नाही, हे जवळपास प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं. कारण साधं आहे, हिशोब. इथल्या कायद्यात पुंगळी, प्रायमर, बारूद, गोळी हे सुटे भागही 'अॅम्युनिशन'मध्येच धरतात, म्हणून टाइप ०६, म्हणजे दारूगोळा बनवण्याचा, परवाना आम्ही घेतलाच आहे. त्याचे तीन वर्षांचे ३० डॉलर, काहीच नाही. पण भरलेलं काडतूस विकलं की ११ टक्के केंद्रीय अबकारी कर लागतो, विम्याचा हप्ता कुठच्या कुठे जातो, पोस्ट ते नेत नाही, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ते परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावं लागतं. रिकामी, प्रायमर नसलेली पुंगळी मात्र साध्या पोस्टाने जाते. दोन माणसांच्या दुकानाला एवढा फरक पुरे. बारूद किती भरायची तेही आम्ही सांगत नाही. सत्तर ते नव्वद वर्षांची ही पिस्तुलं, प्रत्येकाच्या स्प्रिंगची अवस्था वेगळी. छापील मॅन्युअल बघा, खालच्या आकड्यापासून सुरू करा, एवढंच बोलतो. यावर काहीजण रागावतात. रागवू देत.

धंदा रीतसर सुरू केला २०२० मध्ये. त्याआधी असल्या उत्पादकांना, निर्यात करा वा करू नका, परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागायची आणि तिची वर्षाची फी होती २,२५० डॉलर. आमच्यासारख्याचा पहिल्या वर्षाचा नफा तिथेच गेला असता. मार्च २०२० मध्ये या मालाचं नियंत्रण वाणिज्य खात्याकडे गेलं, ती नोंदणी सुटली, आणि आम्ही लेथ घेतला.

मुहूर्त मात्र असा लागला की विचारू नका. महामारीत प्रायमर बाजारातून गायब झाले. हजाराची पेटी ३०-३५ डॉलरला यायची ती शंभरच्या वर गेली. पुंगळी आहे पण पेटवायला काही नाही, मग पुंगळी घेणार कोण? वर .३२ लाँगचा कच्चा मालही मिळेना, कारण कारखाने खपाची मापं आधी काढत होते. ती दोन वर्षं मी दिवसा नोकरी केली आणि लेथवर संध्याकाळी शेजारच्या दुकानांचे पितळी बुश टर्न केले. त्या बुशांनी गॅरेजचं वीजबिल भरलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कोल्हापूरचा चुलतभाऊ फोनवर म्हणतो, 'दादा, आपल्याकडे .३२ ची लायसनची रिव्हॉल्व्हरं ढिगानं आहेत, इकडं पाठव की.' त्याला दरवेळी तेच सांगतो: भारतातल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच, आणि इथून देशाबाहेर पाठवायला परवाना वेगळा. शिवाय त्याला हवी ती .३२ कानपूरच्या आयुध निर्माणीच्या रिव्हॉल्व्हरची. तिच्या पुंगळीची कड उतरवून आम्ही तर तिला रिव्हॉल्व्हरला नालायक करतो!

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक संग्राहक आणि म्हातारे सैनिक. एकदा ५० नग नेले की वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, कारण पुंगळी जपली तर पुन्हा पुन्हा भरता येते. परत येतात ते गवतात हरवल्यामुळे. म्हणून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाकतो, उजवीकडे मागे ताडपत्री अंथरा. बायकोचं म्हणणं, ही चिठ्ठी धंद्याच्या मुळावर उठणार आहे.

८ मिलिमीटर फ्रेंच रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या करा, अशी मागणी आहे. अजून घेतलेली नाही. त्याला वेगळा कच्चा माल, वेगळे कोलेट, वेगळे गेज लागणार, आणि आहे त्या लेथवर सेटिंग बदलण्यात आठवडा जातो. दुसरा लेथ मिळाला तर बघू. जवळच्याच एका बंद पडलेल्या दुकानाचा लिलाव आहे, त्याची यादी मागवली आहे.