किर्की, ४३

लंडनमध्ये सिनेमांना बंदुका पुरवणाऱ्या एका शस्त्रागारात मी आर्मररची, म्हणजे सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्याची, मदतनीस आहे. मागच्या हिवाळ्यात एका भविष्यपटाचं काम होतं. पडझड झालेलं शहर, हुकूमशाही, उपाशी बंडखोर. त्यांच्या हातात भंगारातून जोडल्यासारखी हत्यारं हवीत, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. आम्ही स्टेनगन दिल्या. डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांची हत्यारं फ्रान्समध्येच राहिली, म्हणून १९४१ मध्ये घाईनं आखलेली ही बंदूक: नळी, स्प्रिंग, ठोकलेला पत्रा. लोक तिला कुरूप म्हणतात, मला ती तशी कधीच वाटली नाही. अडलेल्या माणसांनी केलेली वस्तू आहे ती.

सोबत ली-एनफिल्ड रायफली होत्या. त्या दिवशी रायफल भरतानाचा क्लोजअप होता, त्यासाठी बाहेरून डमी काडतुसांचा डबा आला. डमीत दारू नसते. पोटाला भोक असतं, नाहीतर आत छर्रा. कानाशी धरून हलवायचं, वाजलं तर मेलेलं. या रायफलीच्या खऱ्या काडतुसात, थ्री नॉट थ्रीत, कॉर्डाइट नावाच्या दारूच्या काड्या गच्च बसलेल्या असतात, त्यामुळे ते गप्प राहतं.

एकेचाळिसावं वाजलं नाही.

भोकही नव्हतं. बुडाची, दारू पेटवणारी कॅप कोरी, ठोक्याची खूण नाही. कॅपभोवती अक्षरं होती: के, एफ आणि ४३. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्यातल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना; इंग्रज खडकीला किर्की म्हणत. मी खडकीचीच! परक्या मुलखात गावचं माणूस दिसावं तसं झालं, आणि लगेच हात गार पडले. ते अजूनही माणूस मारू शकत होतं.

मी ओरडून काम थांबवलं. प्रत्येक रायफल उघडली, प्रत्येक काडतूस पुन्हा हलवलं. तीन तास गेले, पण कुणी कुरकुरलं नाही. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत डमी समजून भरलेल्या एका खऱ्या काडतुसानं छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव घेतला, ते सेटवरचा प्रत्येक जण जाणून होता. डबा पाठवणाऱ्यांनी फोनवर "चुकून आलं असेल" म्हटलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

काडतूस पोलिसांच्या ताब्यात दिलं. रात्री बाबांना फोन केला.

"४३ साली नाना फॅक्टरीतच होते ना?"

"हो. तुझी आजी सांगायची, जेवताना त्यांच्या बोटांना पितळेचा वास यायचा."