चार हजार वॅटचं दरपत्रक

सहकारी संस्थेत कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं मागवायची, आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला ऑर्डर द्यायची. खुर्ची, पंखा, कपाट यांना हा नियम ठीक आहे. स्पीकरला तो लागू होत नाही, एवढं आमच्या हिशेबनीस काकांना पटवण्यात माझा अख्खा जून गेला. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहून काढते.

आमची संस्था देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदारांची. ऑफिसच्या मागे साधारण तीस बाय वीस फुटांचा हॉल आहे, वर पत्रे. तिथे तज्ज्ञांशी ऑनलाइन चर्चा होतात. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून मुळाशी द्यायचं औषध, द्यायचा काळ मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसाचा. मागच्या जुलैत पत्र्यावर सर कोसळत असताना लॅपटॉपमधून आवाज येत होता, ‘झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली’. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी ते ‘तीस’ ऐकलं आणि वहीत लिहूनही घेतलं. निघताना त्यांनी परत विचारलं म्हणून कलमं वाचली. त्यानंतर संचालक मंडळाने स्पीकरसाठी जीएसटी धरून दहा हजार रुपये मंजूर केले, आणि काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे चौकशीपत्राचा छापील नमुना आहे. वस्तूचे नाव, क्षमता, नग, दर, हमी. कुणी कधी छापला देव जाणे, पण तोच भरायचा. ‘क्षमता’ या रकान्यात दुकानदाराने काय लिहावं यावर कसलंही बंधन नाही. कणकवलीच्या एका दुकानाने लिहिलं, ४००० वॅट पीएमपीओ, दर ३,८००. दुसऱ्याने टू पॉइंट वन सेट दिला, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, ६० वॅट आरएमएस. कोल्हापूरहून एडिफायरचा आर१२८०टी आला, नुसते दोन स्पीकर, ४२ वॅट आरएमएस, दर दहा हजारांच्या जरा आत.

काकांनी तुलनात्मक तक्ता केला. ४०००, ६०, ४२. शेजारी दर. पहिल्या ओळीखाली लाल रेघ.

“सगळ्यात जास्त क्षमता आणि सगळ्यात कमी दर. आता यात विचार करण्यासारखं काय आहे?”

मी सांगितलं की पीएमपीओ हे माप कुठल्याच मानकात नाही. कंपनीला वाटेल तो आकडा छापते. सेकंदाच्या हजाराव्या भागात स्पीकर किती झटका सहन करेल, त्यावरून फुगवलेला हिशेब असतो तो. आरएमएस म्हणजे स्पीकर न थांबता, आवाज न फाटता किती देऊ शकतो ते. दोन्हींच्या शेवटी वॅट लिहिलेलं असलं तरी ते एका रकान्यात बसत नाहीत. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “खोक्यावर छापलेलं आहे ना? मग झालं. ऑडिटर मला विचारणार, चार हजार सोडून बेचाळीस का घेतले, तेही दुपटीहून जास्त पैसे देऊन. मी काय सांगू, मॅडम म्हणाल्या म्हणून?”

त्यांचंही कागदावर बरोबर होतं, राग त्याचाच येतो. मी टिप्पणी लिहिली. ती परत आली, शेरा: ‘वॅट व वॅट यांतील फरकाचा अधिकृत पुरावा जोडावा.’ दुकानाला आरएमएस लेखी कळवा म्हटलं. उत्तर आलं, कंपनी देत नाही. ते पत्र जोडलं तर काका म्हणाले, दुकानदार नाही म्हणत नाही, फक्त माहिती नाही म्हणतोय. मग मी सविस्तर टिप्पणी दिली, ती फाइलमध्ये अशा जागी लागली की सापडेना. इकडे पाऊस सुरू झालेला, आणि बागायतदार रोज विचारतायत, “बाये, स्पीकर इले काय गो?”

सुटका झाली ती अ‍ॅडॉप्टरमुळे. त्या चार हजारवाल्या सेटच्या अ‍ॅडॉप्टरचा फोटो पाठवा, एवढंच मी कणकवलीच्या दुकानाला म्हटलं. त्यावर बारीक अक्षरात होतं: आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. बारा गुणिले दोन, २४ वॅट. आत जाते तीच वीज २४ वॅट, बाहेर चार हजार कुठून येणार? त्यातलीही काही उष्णतेत जाते.

हा फोटो घेऊन मी थेट मंडळाच्या सभेत गेले. आमचे एक संचालक, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, बागेत पाच एचपीची मोटर चालवतात. मी म्हटलं, तात्या, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तुमची मोटर ३७३० वॅटची. या खोक्यावर त्याहून जास्त लिहिलंय, आणि वीज घेतं मोबाइलच्या चार्जरएवढी.

तात्यांनी फोटो लांब धरून बघितला. “माझी मोटर लावलंय की वाडीतले दिवे मंद होतत. आणि ह्यो डबो तिच्यापेक्षा मोठो? काय सांगतंस!” सगळे हसले. काका हसले नाहीत, पण लाल पेनाने पहिल्या ओळीपुढे ‘निकषात बसत नाही’ असं लिहिलं आणि सही केली. मोटरचा हिशेब मात्र त्यांनी माझ्याकडून लेखी मागितला आणि परिशिष्ट म्हणून जोडला.

तुमच्याकडेही असं तक्त्याचं ऑफिस असेल तर चौकशीपत्रातच लिहा: ‘एकूण अखंड क्षमता किमान ४० वॅट आरएमएस, अ‍ॅडॉप्टर असल्यास त्याचा व्होल्ट व अँपिअर नमूद करावा, पीएमपीओ आकडा ग्राह्य धरला जाणार नाही.’ छापील नमुन्याच्या खाली हाताने लिहिलं तरी चालतं. मी आता तेच करते.

मग साठवाला सोडून बेचाळीसचा एडिफायर का घेतला? हा प्रश्न सभेत कुणी विचारला नाही, पण उत्तर माझ्याकडे तयार होतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. साठ आणि बेचाळीसमध्ये जेमतेम दीड डेसिबलचा फरक, कानाला कळेल न कळेल. शिवाय टू पॉइंट वन सेटमधले बरेच वॅट सबवूफर खातो. आम्हाला माणसाचं बोलणं ऐकायचं आहे. सबवूफरचा ढुम्म आवाज पत्र्याखाली घुमतो आणि ‘तीन’चं ‘तीस’ होतं ते तिथेच. ऑफिसच्या सत्यनारायणाला गाणी लावायची म्हणून बास हवा, असं म्हणणारे आमच्याकडेही होते. त्यांनी त्या दिवशी मंडपवाल्याचा लाउडस्पीकर आणावा.

अंतराचं गणित वॅटपेक्षा जास्त कामाचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत थोडा कमी, पण घटतोच. म्हणून स्पीकर टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी न ठेवता हॉलमध्ये थोडे आत, आवाज बसलेल्यांच्या डोक्यावरून जाईल अशा उंचीच्या फळ्यांवर लावले. या जोडीत अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पीकरमध्ये असतो आणि दुसऱ्याकडे साधी दोन तारांची वायर जाते, ती वायरमनकडून लांब करून घेतली. लॅपटॉपचा माइक मात्र स्पीकरपासून लांब ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते आणि पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा स्वतःचा लॅपटॉप आणि कुणाच्या तरी भाषणाचं रेकॉर्डिंग न्या. दुकानदार नेहमी धांगडधिंग्याचं गाणं लावतो, त्यात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. आवाज पूर्ण वाढवा, दुकानाच्या दारापर्यंत मागे जा, आणि शब्द कळतात का बघा.

यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर स्वस्तात मिळतात, काकांनी तेही सुचवून झाले होते. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. एका टेबलापुरते ठीक. ब्लूटूथ व्हिडिओसाठी नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायरच बरी.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी गुंईई असा आवाज सुरू झाला. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की सुरू. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, अर्थिंगचा. काही शेकड्यांत मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर ऑडिओ वायरच्या मध्ये लावला, गेला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पुन्हा गुरगुरतो, कारण आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा घ्यायला पुन्हा तीन दरपत्रकं लागतील, तेव्हा सध्या गुरगुर चालू आहे.

आपल्याकडच्या हवेचं वेगळं सांगायला नको. खाऱ्या वाऱ्याने पिना हिरव्या पडतात, मग आवाज एकाच बाजूने यायला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दोनतीनदा आतबाहेर केली की येतो. स्पीकरची खोकी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची असतात, पाणी लागलं की फुगतात, त्यामुळे ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर तर मुळीच ठेवू नका. पावसाळ्यात कार्यक्रम नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. बिल संस्थेच्या नावाने, जीएसटी नंबरसह घ्या, आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या. नंतर घाट चढून कोल्हापूरला कोण जातं!