अंगणातले चार डाग

गाडी १९८६ ची. बिडाच्या बोरची (म्हणजे सिलिंडरची) बुलेट ३५०, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. काकांच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीमागं दोन वर्षं उभी होती, मार्चमध्ये मी ती आमच्याकडं आणली. गाव आर्वी तालुक्यातलं, घर मातीचं आणि अंगण शेणानं सारवलेलं. फरशीवर तेल सांडलं तर पुसून घेता येतं. सारवलेल्या अंगणात सांडलं की पोपडा खरवडून तेवढी जागा नव्यानं सारवावी लागते. माय तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "काहून रे, हे बाई बसल्या जागी मुतते काय?" त्या दिवसापासून ही नोंद ठेवतोय.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक संध्याकाळी, त्यामुळं दिवस मोकळा. टीव्हीचं जुनं खोकं उलगडून गाडीखाली पसरलं, दोन्ही चाकं जिथं टेकतात तिथं खडूनं खुणा केल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खोक्यावर चार डाग. एक क्लच कव्हरखाली, डावीकडं. दुसरा इंजिनच्या उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या सरळ खाली. तिसरा गिअरबॉक्सच्या मागं, चेनच्या दातेरी चाकाखाली, काळा आणि चिकट, बोटाला लावला तर ग्रीससारखा ओढतो. चौथा मागच्या चाकाजवळ, पातळ, अगदी फिका.

चार डाग म्हणजे चार गळत्या असं मी धरून चाललो. ते चुकलंच, पण खोकं मात्र जपून ठेवलंय.

१९ एप्रिल

तालुक्याला एका मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं दुरूनच पाहिलं आणि निकाल दिला, "हेडची पॅकिंग गेली. हेड उतरवावं लागते. बोरबी पाहून घेऊ, पिस्टनबी." त्याचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. बोरच्या उजव्या पंख्या, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या कडा, वरपासून खालपर्यंत ओल्या होत्या. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला पाण्याचं जॅकेट नसतं, सगळी उष्णता या पंख्यांतून बाहेर पडते, त्यामुळं धातूचा ताप कमीजास्त होण्याचा पल्लाही मोठा. त्यात माझ्या गाडीचा बोर बिडाचा, त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. सांधा हलत राहणारच.

तरी मी हेड उतरवू दिलं नाही. खिशात तेवढे पैसे नव्हते हे खरं कारण, शहाणपणाचं नंतर बघू.

२१ एप्रिल

ट्रॅक्टरचं डिझेल, जुना ब्रश आणि अर्धा दिवस. पंख्यांच्या फटीतून चाळीस वर्षांची माती निघाली. कार्ब्युरेटरचं तोंड पिशवीनं बांधून मग पंक्चरवाल्याकडं हवा मारून गाडी कोरडी केली. त्यानंतर भाचीची पावडर. हसू नका. सुक्या इंजिनवर पावडर भुरभुरली की तेल जिथून निघतं तिथं पहिली ओली रेघ दिसते, आणि ती पसरायच्या आत पाहायची. गाडी पळवून नंतर पाहिलं तर वारा तेलाला मागं ढकलतो, तेल पंख्यापंख्यांतून उतरतं आणि सगळंच इंजिन गुन्हेगार दिसतं. म्हणून जागेवरच चालू ठेवली, सहा मिनिटं, टॉर्च हातात घेऊन.

हेडचा सांधा पांढराशुभ्र. रेघ निघाली ती त्याच्याही वरून. रॉकरला (हेडमधल्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांना) तेल नेणारी जी बारीक बाहेरची नळी आहे, तिच्या वरच्या बँजो बोल्टपाशी. तिथून थेंब हेडवर, हेडवरून पंख्यांत, पंख्यांतून टायमिंग कव्हरवर आणि तिथून खोक्यावर. दुसऱ्या डागाचा उगम हा.

बोल्टचे तांब्याचे वायसर दाबून दाबून कडक झाले होते. नवे आणायला आर्वीला जायचा कंटाळा केला. चुलीच्या निखाऱ्यावर लालबुंद केले, पाण्यात टाकले. तांबं तापवलं की मऊ होतं (पोलादासारखं पाण्यात कडक होत नाही), मग ते बसायच्या जागेला धरून बसतं. बोल्ट बेतानं आवळा. आतून पोकळ असतो, जोर लावाल तर मुंडी हातात येईल.

खर्च शून्य. मिस्त्रीला अजून सांगितलं नाही.

२७ एप्रिल

क्लच कव्हर. ज्यांनी उघडलंय त्यांना माहीत आहे, हे आख्खं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेला एक रबरी रिंग असते. गळायला लागलं की माणूस नट आवळतो. जास्त गळलं की जास्त आवळतो. माझ्या आधी कुणीतरी असंच आवळत गेलं होतं, वर सिलिकॉनचा लेप. खरवडायला दीड तास गेला. कव्हरची कड जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर ठेवून पाहिली, एका बाजूनं कागद सरकत होता. काचेवर पॉलिशपेपर चिकटवून आठच्या आकड्यात फिरवत राहिलो, कड सगळीकडं सारखी चमकेपर्यंत. नवी रिंग टाकली, सिलिकॉन अजिबात नाही, नट रिंग दाबली जाईल इतकाच.

उघडण्याआधी एक गोष्ट मुद्दाम पाहिली होती: कव्हरमधल्या तेलाची पातळी. ती आपोआप वाढत असेल तर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) सीलमधून इंजिनचं तेल इकडं येतंय, आणि मग नुसती रिंग बदलून उपयोग नसतो. पातळी वाढलेली नव्हती. सुटलो.

५ मे

आर्वी ते पुलगाव, पस्तीसेक किलोमीटर, पहाटे पाचला निघालो. सात वाजेपर्यंत परत यायचं, नंतर रस्त्यावर थांबवत नाही. संत्र्याच्या बागांपर्यंत गाडी सुरेख. घरी येऊन पाहतो तर टॅपेटचं झाकण ओलं, टायमिंग कव्हरची कड ओली, बोरच्या बुडाशीही ओल. जे सांधे पावडरीत कोरडे होते ते सगळे.

दोन दिवस चिडून गाडीकडं पाहिलंच नाही.

७ मे

एवढे सांधे एका दिवसात खराब होत नाहीत. आत दाब आहे. साधा हिशेब करा: बोर ७० मिमी, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन दर वेळी खाली येताना खालच्या पोकळीतली तेवढी हवा दाबतो, आणि तीन हजार फेऱ्यांना हे सेकंदाला पन्नास वेळा. ती हवा ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या श्वास सोडायच्या नळीतून, बाहेर जायला हवी. नाही गेली तर जो सांधा मवाळ असेल तिथून तेल घेऊन निघते.

ब्रीदरची नळी काढून फुंकली. गच्च. तार घातली तर आतून वाळलेली माती निघाली, मातीत कोळ्यांची वाळकी कलेवरं. कुंभारीण माशीनं गोठ्यातल्या दोन वर्षांत नळीत घर केलं होतं! बाळंतपणाची सगळी शिदोरी भरून ठेवलेली. पहिल्यांदा पंख्या धुताना ही नळी मी पाहिली होती, बाहेरून पुसलीही होती.

नळी साफ केली, टोकाची कडक झालेली रबरी चोच बदलली. ही चोच एकतर्फी असते, हवा बाहेर जाऊ देते, आत घेत नाही. उलटी लावू नका.

९ मे

पुन्हा पुलगाव. सगळे सांधे कोरडे. आणि मागचा टायर तेलानं माखलेला.

टायरच्या कडेला तेल म्हणजे वळणावर आडवं होणं. पुलगावच्या अलीकडं गाडी जराशी सरकली तेव्हा कळलं, तोवर मी मजेत होतो. सगळं तेल ब्रीदरमधून येत होतं. चौथा फिका डाग आता फिका राहिला नाही. नळी मोकळी केल्यावर तेलाला वाट मिळाली, पण इतकं तेल तिथं आलं कुठून?

१० मे

बाबा खाटेवर पडून सगळं पाहत होते. मी तेलाची पातळी पाहायची काडी काढली, तेल कमी, डबा उचलला. त्यांनी विचारलं, "दर हप्त्याले टाकतं. जाते कुठं?"

"गळते."

"इतकं? अंगणात तं इतकं नाई." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्या विहिरीचं फुटबॉल (पाइपाच्या बुडाची झडप) खराब होतं तवा काय होये? मोटर बंद केली का पाइपातलं पानी खाली. सकाळी पाइप रिकामा. पानी गेलं नोतं कुठं, विहिरीतच होतं."

मी डबा खाली ठेवला.

ज्यांनी हे इंजिन उघडलं नाही त्यांच्यासाठी: यात तेलाची टाकी क्रँककेसच्या त्याच ओतीव धातूत, मागच्या बाजूला आहे. एक पंप टाकीतलं तेल क्रँकला देतो, दुसरा खाली साचलेलं परत टाकीत टाकतो. परतीच्या पंपाची ताकद जास्त, म्हणून चालू इंजिनात खालची पोकळी कोरडी राहते. पण इंजिन बंद असताना टाकीतलं तेल अडवून धरते ती फक्त पंपाची चकती. ती झिजली की तेल हळूहळू क्रँकखाली उतरतं. मेमध्ये आमच्या पडवीत ४५ अंशांपर्यंत जातं, तेल पाण्यासारखं होतं, आणखी लवकर उतरतं. सकाळी काडी सांगते तेल कमी. मी भरतो. गाडी चालू केली की खालचं सगळं वर येतं, जागा उरत नाही, आणि जास्तीचं ब्रीदरमधून मागच्या टायरवर.

महिनाभर मी दर आठवड्याला तेल विकत आणून टायरला पाजत होतो.

२० मे

खात्री करायची म्हणून दहा दिवस गाडीला हात लावला नाही. मग क्रँककेसच्या तळाचा प्लग उघडला, खाली खुणा केलेली बाटली. ६५० मिली! इथं एक थेंबही नसता तरी चाललं असतं.

२३ मे

पंपाचं झाकण काढलं. आत स्प्रिंग, स्प्रिंगखाली चकती. चकतीच्या तोंडावर गोल चरे, नखाला लागतील असे. आधी काचेवर बारीक पेपरनं चकती सपाट केली, मग बसायच्या जागेवर अगदी थोडी घासायची बारीक पेस्ट लावून हातानंच फिरवली. पेस्ट लावण्याआधी तेलाची भोकं चिंधीनं बंद करा. त्या पेस्टचा एक कण बिग एंडला (क्रँकवरच्या मोठ्या बेअरिंगला) पोचला तर बेअरिंगचं काम संपलं. मी चार वेळा धुतलं, पाचव्यांदा भीती वाटली म्हणून. झाकण लावण्यापूर्वी पंपात तेल भरलं, नाहीतर पहिली काही मिनिटं तो कोरडा फिरतो.

आता काडी कधी पाहायची तेही बदललंय. गाडी चार-पाच मिनिटं चालवायची, बंद करायची, लगेच पाहायची. सकाळी थंड गाडीची काडी खोटं बोलते. तेल २०डब्ल्यू-५०, तेच ठेवलंय.

२ जून

पुन्हा दहा दिवसांनी प्लग उघडला. ९० मिली. शून्य नाही, पण माझ्याच्यानं यापेक्षा जास्त होणार नाही. पुलगावला दोनदा जाऊन आलो, टायर कोरडा.

खोकं नवं टाकलं. तीन डाग गेले. गिअरबॉक्समागचा काळा चिकट डाग आहे तिथंच. त्याचं सील चेनच्या दातेरी चाकामागं असतं आणि तिथं पोचायला क्लच पूर्ण उतरवावा लागतो. क्लच ओढायचा पुलर माझ्याकडं नाही. हातोडी-छिन्नीनं काढणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचे क्लचही माहीत आहेत. वर्धा-अमरावतीकडं कुणाजवळ पुलर असेल तर दोन दिवसांसाठी द्या, बदल्यात मृगबहाराची संत्री.

ढग यायला लागलेत. बियाणं आणून ठेवलंय, डवरे-वखर बाहेर काढलेत. पुढची नोंद पेरणी झाल्यावर. मायनं अंगण सारवून गाडीला गोठ्याच्या बाजूला जागा दिली आहे, खोक्यासकट.