आमचं मत धरलेलंच असतं

नोव्हेंबर २०२४, रविवार

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला, ट्रम्प जिंकले, रडून झालं, फिलाडेल्फियाच्या अनूशी फोनवर वाजलंसुद्धा (त्याबद्दल आज नको). पण डोक्यातून जात नाहीये ती ऑक्टोबरातली पॅडवाली मुलगी.

इथे न्यूयॉर्कात, आमच्या क्वीन्स भागात, ७४व्या स्ट्रीटच्या स्टेशनखाली उभी होती. माझ्याकडेच आली. म्हटलं, आता विचारणार मत कुणाला. मी मनात जुळवाजुळव करायला लागले. घरभाडं, किराणा, चार गोष्टी ऐकवायच्याच होत्या. तिनं विचारलं काय, तर शनिवारी बसनं पेनसिल्व्हेनियाला येता का, दारोदार प्रचाराला! बाई, देशी, क्वीन्सची. म्हणजे माझं मत तिच्या खिशातच.

बरं, मत मी दिलं डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरिसनाच. मग राग कसला? तेच तर कळत नाही.

१९२४ साली कूलिजनं न्यूयॉर्क शहर जिंकलं, त्यानंतर एकाही रिपब्लिकनला जमलेलं नाही. राज्यही १९८४ च्या रेगननंतर त्यांना मिळालं नाही. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांवर; आमच्या राज्याची २८, जिंकेल त्याला सगळीच्या सगळी. मग आमची मनधरणी कोण करणार? इथे नेते येतात ते देणग्या गोळा करायला. अनूच्या फिलाडेल्फियातही पाचातली चार मतं डेमोक्रॅट्सचीच, पण तिचं दार सारखं वाजत होतं. तिचं राज्य, पेनसिल्व्हेनिया, कुठेही झुकू शकतं ना. २०१६ ला तिथे सगळा खेळ ४४ हजार मतांवर गेला. २०२० ला सगळा देश तिच्या शहराची मोजणी संपायची वाट बघत बसला होता. ती वैतागते, म्हणते, जेवू देत नाहीत गं. मला मेलीचा हेवा वाटतो.

मंडळाच्या गणपतीचंही असंच. 'उकडीचे मोदक' यापुढे माझं नाव लिहूनच यादी येते. करते मी, आणि चांगले करते. पण एकदा तरी कुणी म्हणावं की नाही, जमेल का गं यंदा?

आणि यंदा बघा. ट्रम्पना शहरात गेल्या वेळी २३ टक्के होते, आता ३०. शहरातल्याच ब्राँक्स भागात १६ चे २७ झाले. मे महिन्यात तिथल्या बागेत सभा घेऊन गेले होते, तेव्हा आमच्याकडे सगळे हसले होते. मीही. पण मला खरं टोचतं ते वेगळंच. त्यांची मतं वाढली त्याहून कितीतरी जास्त डेमोक्रॅट्सची घटली. काही लोक शहर सोडून गेले असतील, पण बरेचसे घरीच बसले असणार. त्यांना तरी कुणी विचारलं होतं का? बस भरभरून सगळे पेनसिल्व्हेनियात. आणि तेही शेवटी गेलंच.

हे सगळं यांच्यापुढे तावातावानं बोलले. तर म्हणतात, "मला तरी तू कुठे विचारलंस?" आणि पुन्हा फोनमध्ये डोकं. आता विचारायचं धाडस होत नाही. चहा केला.

माझ्यापुरता सूड मी उगवलाय म्हणा. आमच्या मतपत्रिकेवर एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींत असू शकतो. हॅरिस डेमोक्रॅटिकच्या ओळीत होत्या, वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या डाव्या पक्षाच्याही होत्या. मी दुसऱ्या ओळीतला गोल काळा केला. मत जातं त्यांनाच, फक्त आकडा वेगळा लागतो. मशीननं कागद ओढून घेतला, त्याला काय त्याचं!

त्या ओळीत राज्यभरातून किती मतं पडली, ते काल रात्री शोधत बसले होते. त्यात पक्षावरच्या प्रेमानं दिलेली किती आणि रुसून दिलेली किती, हे काही लिहिलेलं नसतं. मला आपली सगळीच रुसलेली वाटली.