सख्खा ड्रायव्हर, चुलत ड्रायव्हर

डेस्कटॉपवरचे आयकॉन एका रात्रीत फुगले, व्हिडिओ अडखळायला लागला आणि दुसऱ्या मॉनिटरने ओळख दाखवायचंच सोडलं, की समजावं, अपडेट येऊन गेलं. सेटिंग्जमध्ये जाऊन बघावं तर तिथे साळसूदपणे लिहिलेलं असतं की तुमचा संगणक अद्ययावत आहे. खरंच असतो. तेच तर दुखणं.

अशा वेळी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली डोकावलं, तर पुष्कळदा ग्राफिक्स कार्डाचं नाव गायब असतं आणि त्याच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ बसलेला असतो. लोक त्याला बघून हादरतात. मला मात्र या गड्याबद्दल आदर आहे. त्याला गेम जमत नाहीत, ब्राइटनेसची पट्टी त्याच्याच्याने हलत नाही. पण खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, पळून गेल्यावरही पडद्यावर काहीतरी उमटत राहतं ते त्याच्यामुळे. दुरुस्ती करायची तर आधी दिसायला हवं ना.

याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे नाव बरोबर, पण ड्रायव्हर भलताच. त्याबद्दल भाच्याचा फोन आला होता. ‘मामा, चिपच्या कंपनीच्या साइटवरून एकदम नवा ड्रायव्हर टाकला होता मी. आज बघतो तर जुनाच परत येऊन बसलाय. अपडेट म्हणजे पुढे जायचं ना? मग हे मागे कसं गेलं?’

प्रश्न रास्त आहे. आपली समजूत अशी, की संगणक नव्याच्या मागे लागलेला असतो. प्रत्यक्षात तो आधी नातं बघतो. प्रत्येक उपकरणाला एक हार्डवेअर आयडी असतो. त्याच्या आखूड रूपात चिप कुणाची आणि कोणती एवढंच असतं. लांब रूपात ती कुठल्या कंपनीच्या कुठल्या लॅपटॉपात बसवली आहे, हेही येतं. ड्रायव्हरवरची डिजिटल सही तपासून झाली, की ज्याचा आयडी जास्त तपशिलात जुळतो तो विंडोजच्या लेखी सख्खा. चिपच्या कंपनीने सगळ्यांसाठी म्हणून काढलेला ड्रायव्हर बऱ्याचदा आखूड आयडीवरच जुळतो, म्हणून तो चुलत. लॅपटॉपवाल्या कंपनीने कधीकाळी स्वतःसाठी करून घेतलेला आणि नंतर विसरून गेलेला ड्रायव्हर सख्खा ठरतो आणि कालपरवा आलेल्या चुलताला उठवून त्याच्या जागी बसतो. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं.

तारीख बघायची पाळी येते ती नातं सारखंच निघालं तर. आणि या तारखांची गंमत अशी, की त्या मुद्दाम खोट्या असू शकतात. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरचे गुणधर्म उघडून बघा. तारीख दिसेल २१ जून २००६. विंडोज गेल्या महिन्यातलं असलं तरी हीच. ही तारीख व्हिस्टा या विंडोजच्या जुन्या आवृत्तीच्या काळातली आहे आणि ती जाणूनबुजून तिथेच थांबवलेली आहे. हेतू एवढाच, की उपकरण बनवणाऱ्याने त्यानंतर कधीही स्वतःचा ड्रायव्हर दिला तर तो तारखेत सरस ठरावा आणि घरच्या सामान्य ड्रायव्हरने त्याच्या वाटेत येऊ नये. इंटेलने तर कमाल केली. त्यांच्या कितीतरी चिपसेट ड्रायव्हरांवर १८ जुलै १९६८ ही तारीख असते, म्हणजे इंटेलच्या स्थापनेचा दिवस. मायक्रोसॉफ्ट निघाली १९७५ साली. तिच्याहून सात वर्षं वडील असलेला ड्रायव्हर तिच्याच विंडोजमध्ये गुपचूप मागच्या बाकावर बसलेला असतो. नवेपणाची एवढी हाव असलेल्या या धंद्यात, आपण होऊन म्हातारं व्हायचं आणि दुसऱ्याला जागा करून द्यायची, हा समंजसपणा तारखेच्या एका रकान्यात सापडावा याचं मला अजून नवल वाटतं.

आता उपाय. पडदा नुसताच काळा पडून थिजला असेल तर आधी विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघावं. एक बीप वाजतो, पडदा लुकलुकतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एरवी हे काम विंडोज आपणहूनही करतं. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, की ते वाट बघणं सोडतं आणि ड्रायव्हरला पुन्हा उभं करतं. एवढ्याने भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे गुणधर्म उघडावेत. तिथे ड्रायव्हरच्या टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं बटण असतं. ते बटण करडं दिसत असेल, तर आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलेलाच नाही. मग सगळं उपटून नव्याने बसवणं आलं. त्यातली कळीची गोष्ट लोक हमखास विसरतात: आधी इंटरनेट तोडा. नाहीतर तुम्ही जुना काढून नव्याची फाइल शोधेपर्यंत विंडोजने तोच सख्खा पुन्हा आणून बसवलेला असतो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून अपडेट थांबवायची सोय आहे, विंडोज १० आणि ११मध्ये ३५ दिवसांपर्यंत. मला ती फारशी पटत नाही, कारण तिच्यात सुरक्षेची अपडेटंही अडकतात. प्रो आवृत्तीच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजला नियम घालून द्यायच्या सेटिंग्जमध्ये, अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊच नका, असं सांगता येतं. हा उपाय शहाणा, कारण त्यात बाकीचं सगळं येत राहतं. होम आवृत्तीत मात्र ग्रुप पॉलिसीचा एडिटरच मिळत नाही, आणि भाच्याकडे अर्थातच होम.

लिनक्सवाल्यांनी यावर हसायचं कारण नाही. तिकडे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे तिकडचा ड्रायव्हर, त्याच्यासाठी पुन्हा बांधावं लागतं. ते बांधलं गेलं नाही, किंवा सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू होऊ न देणारा पहारा) चालू असताना त्यावर सही नसली, तर काळा पडदा येऊ शकतो. पण बहुतेक ठिकाणी ग्रबच्या, म्हणजे संगणक चालू होताना पुढे येणाऱ्या, यादीत आदल्या कर्नलला तसाच ठेवलेला असतो. तिथे तो निवडायचा आणि कामाला लागायचं. विंडोजनेही कालचा ड्रायव्हर असाच चालू होतानाच पुढे करायची सोय ठेवली असती, तर भाच्याने फोन नुसत्या ख्यालीखुशालीसाठी केला असता.