बारा रोपं, तीन मिनिटं

जुलै २०२४, परतीच्या गाडीत

रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेतला सामना तीन मिनिटांचा. त्याआधी दोन्ही रोबो मैदानात मांडायला एक मिनिट. एवढ्यासाठी आम्ही आख्खं वर्ष वर्कशॉपमध्ये काढलं, आणि आज झेलम एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर बसून मला त्यातली एकही रात्र परत मागावीशी वाटत नाही. लीगमधला एक सामना जिंकलो, एक हरलो, बाद फेरीत पोचलो नाही. निकाल इतकाच आहे. पण दिल्लीत जे बघितलं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

रोबोकॉनची एक गोष्ट मला पहिल्या वर्षापासून आवडत आली आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ पासून चालू आहे, आणि दरवर्षी यजमान देश आपल्याकडचं काहीतरी काढून त्याचा खेळ करतो. २००८ मध्ये अंतिम स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी. यंदा यजमान व्हिएतनाम, आणि विषय भातशेती, तीही डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांची. भारतातून कोण जाणार हे डीडी रोबोकॉनमध्ये, म्हणजे दूरदर्शनच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत ठरतं, त्यासाठीच आम्ही दिल्लीला आलो होतो. नियमावली आली त्या दिवशी हॉस्टेलवर सगळे रोबोच्या मापांकडे आणि गुणांकडे बघत होते. मी मैदानाचं चित्र बघत बसले. आमचे कुणगेही, म्हणजे भाताची छोटी खाचरं, असेच एकाखाली एक उतरत जातात. संगमेश्वर तालुक्यात वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

खेळ थोडक्यात असा. आर-वन हा पहिला रोबो. आमचा आम्ही रिमोटने चालवायचो. त्याने रॅकवरची बारा रोपं, म्हणजे पाइपचे तुकडे, उचलून ठरलेल्या जागी उभी करायची. मग पुढच्या भागात जाऊन कापणी: आपल्या रंगाचे चेंडू गोळा करायचे. आर-टू पूर्ण स्वयंचलित. तो चढ चढून सर्वांत वरच्या भागात जातो आणि तिथले चेंडू कोठारात टाकतो. कोठारं पाच, दोन्ही संघांना सामाईक. एका कोठारात तीन चेंडू मावतात. त्यातले किमान दोन तुमचे आणि सगळ्यात वरचा तुमचा, तर कोठार तुमचं. अशी तीन कोठारं झाली की 'मुआ वांग', म्हणजे सोनेरी हंगाम, सामना तिथेच संपला. चेंडू लाल, निळे आणि जांभळे. जांभळे म्हणजे दाणा न भरलेलं भात. आमच्या टीममध्ये मी त्यांना पळंज म्हणायला लागले आणि महिन्याभरात सगळे तेच म्हणायला लागले. इतकं की कोडमध्येसुद्धा त्या चेंडूंचं नाव तेच आहे.

आर-वनचा पंजा माझ्याकडे होता. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, सिलिंडरवर मिटणारी बोटं, आतून रबर, एका वेळी तीन रोपं. ते जमवताना मला सारखी बाबांची लावणीची दोरी आठवायची. ते चारसूत्री पद्धतीने लावतात: १५ आणि २५ सेंटीमीटरचं अंतर आलटून पालटून, एका चुडात दोन-तीन रोपं. दोरीवर खुणा असतात, पण आई खुणेकडे बघतसुद्धा नाही. वाकून, मागे मागे सरकत, चिखलात बोटं बुडवून ती रोप सोडते आणि ते उभं राहतं. आमचा पंजा कोरड्या प्लायवूडवर, सरळ पाइप, ठरलेल्या उंचीवरून सोडत होता, तरी तो सोडताना पाइप कलंडू नये यासाठी आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. शेवटी दोष पकडीत नव्हता, सुटण्यात होता. तिन्ही बोटं एकाच क्षणी उघडत नव्हती. सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या होत्या, त्या सारख्या करून हवेचा वेग ठरवणारे फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह जुळवल्यावर रोपं ताठ उभी राहायला लागली. हे काम मला मनापासून आवडलं. कोणी विचारलं की वर्षभर काय केलंस, तर मी हेच सांगेन.

पण दिल्लीत खरी परीक्षा झाली ती आर-टूच्या डोळ्यांची.

सरावाच्या वेळेत रोबो मैदानात उतरवला आणि तो पळंज उचलायला लागला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पुण्यात वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली तो निळा आणि जांभळा चुकत नव्हता. इथे वरून झगझगीत दिवे, शिवाय दूरदर्शनच्या चित्रीकरणाचा प्रकाश. चेंडूचा माथा उजेडाने पांढरा पडायचा, खालची बाजू काळवंडायची. त्यात भर म्हणजे रोबो लाल बाजूकडे वळला की कॅमेरा आपोआप रंगांचा तोल बदलायचा, निळ्या बाजूकडे वळला की पुन्हा वेगळा. तोच चेंडू दोन कोनांतून दोन रंगांचा दिसत होता.

व्हिजनचं, म्हणजे कॅमेऱ्यातून चेंडू ओळखण्याचं, काम बघणारा आमचा ज्युनियर सेकंड इयरचा आहे, मितभाषी. त्याने आधी कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक केले. मग रोबो हाताने ढकलत मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यातून चेंडूंचे फोटो घेतले. वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत तो आणि मी फक्त फोटोच काढत होतो. कॅप्टनने बाकी सगळा सराव थांबवून ती वेळ आम्हाला दिली. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री सगळी टीम लॅपटॉप घेऊन बसली. एकेका फोटोतल्या एकेका चेंडूभोवती चौकट आखायची आणि नाव द्यायचं: लाल, निळा, पळंज. मेकॅनिकलवाले, वायरिंगवाले, स्पॉन्सरशिपसाठी वर्षभर फिरलेली मुलगी, सगळे. ज्यांनी कधी कोडची एक ओळ लिहिली नाही त्यांच्याही नजरेतून तो रोबो त्या रात्री बघायला शिकला. मध्यरात्रीनंतर त्या फोटोंवर चेंडू ओळखणाऱ्या मॉडेलचं ट्रेनिंग लावलं आणि पहाटे ते नवं मॉडेल रोबोवरच्या जेटसन या छोट्या संगणकावर चढवलं. ज्युनियरने अजून एक साधी अट घातली: चेंडूच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाचा रंग तपासायचा, कारण माथ्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मला वाटतं, सगळ्या स्पर्धेत आम्ही केलेलं सर्वांत हुशार काम हे होतं, आणि ते एका ओळीचं होतं.

पहिल्या सामन्यात आम्हाला लाल बाजू आली. लाल आणि जांभळ्यात फारसा गोंधळ नसतो. आर-वनने बाराही रोपं उभी केली, एकही पडलं नाही, आणि आम्ही जिंकलो.

दुसऱ्या सामन्यात निळी बाजू. आर-टू वर पोचला आणि समोर पहिलाच चेंडू जांभळा. बटण दाबून झाल्यावर आपल्या हातात काही राहत नाही. फार तर रीट्राय घ्यायचा, म्हणजे रोबो परत सुरुवातीच्या जागी आणायचा. चेंडू आत ओढणारे रोलर फिरायला लागले. ज्युनियर माझ्या शेजारी हेल्मेट आणि गॉगल घालून उभा होता, ओठ घट्ट मिटून. रोबो चेंडूपासून वीतभर अंतरावर थांबला, रोलर थांबले, आणि तो वळून शेजारच्या निळ्या चेंडूकडे गेला. आम्ही दोघं इतक्या जोरात ओरडलो की पंचांनी वळून पाहिलं.

तो सामना आम्ही हरलो. समोरच्या संघाचा आर-टू नुसते चेंडू बघत नव्हता, कोठारात डोकावून हिशेब करत होता. आमचे दोन निळे पडलेल्या कोठारात त्याने वरून लाल टाकला: दोन आमचे, पण वरचा त्यांचा, म्हणजे ते कोठार कोणाचंच नाही. जिथे त्यांचा आधी एक होता तिथे आणखी दोन टाकून त्यांनी ते बंद केलं. पाहताना वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी त्या मुलांचं कौतुकही. सामना झाल्यावर त्यांच्या पिटमध्ये, म्हणजे संघाच्या कामाच्या जागी गेलो, तर त्यांनी लॅपटॉप उघडून निर्णयाचा सगळा तक्ता दाखवला, काही न लपवता. आदल्या दिवशी आमची एक एअर फिटिंग, म्हणजे हवेच्या नळीचा जोड, तुटली होती तेव्हाही शेजारच्या पिटमधून, न विचारता, दोन आल्या होत्या. रोबोकॉन मला आवडतं त्यात या मुलांचा वाटा मोठा आहे.

संध्याकाळी बाबांना फोन केला. तिकडे पाऊस लागलाय, खालचे कुणगे लावून झाले, वरचे दोन राहिलेत, माणसं मिळत नाहीत. रोबो लावणी करतो हे त्यांना मी वर्षभर सांगत आले आहे. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "चिखलात चालतो का गं?"

नाही चालत. लावणीची यंत्रं आहेत, पण त्यांना चटईवर वाढवलेली रोपं लागतात आणि वळायला जागा लागते. आमचा कुणगा म्हणजे चार पावलं आणि बांध. तिथे चालेल असं हलकं काहीतरी करता येईल का, हा प्रश्न वर्षभर माझ्यासमोर होता आणि मी तो स्पर्धेनंतरसाठी ठेवला होता. आता स्पर्धा झाली. ग्वाल्हेर गेल्यावर मी कॅप्टनशी बोलले, तो म्हणाला, आधी चिखलात चाक किती रुततं ते मोजू. ज्युनियर खालच्या बर्थवरून ऐकत होता. "ताई, मी येऊ?"

बाबांना सांगून टाकलंय. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून रत्नागिरीची एसटी, आंबा घाट उतरून पहाटे साखरप्याला. वरच्या दोन कुणग्यांसाठी तीन जण येतोय: सकाळी लावणी, दुपारी मोजमाप. आईने कळवलंय की अंगावरचे जास्तीचे कपडे आणा, वाळत काही नाही.