काम दोन तासांचं, मुक्काम दिवसभराचा

दहा हजार किलोमीटरच्या साध्या सर्व्हिसला खरं काम किती असतं? जुनं ऑइल गळू द्यायचं, ऑइल फिल्टर बदलायचा, एअर फिल्टर झटकायचा किंवा बदलायचा, चारही ब्रेक उघडून साफ करायचे, चाकं पुढची मागे करायची, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघायची, स्कॅनर लावायचा, गाडी धुवायची. सगळं धरून दोन-अडीच तास. तरीही सकाळी साडेनऊला दिलेली गाडी संध्याकाळी सहानंतर हातात येते आणि "वॉशिंगला आहे सर, अर्ध्या तासात देतो" हे वाक्य साडेचारपासून तीनदा ऐकावं लागतं.

यात मेकॅनिकचा आळस फारसा नसतो. दोष गेटवरच्या गर्दीचा आहे. ऑफिसला जायच्या आधी गाडी सोडायची म्हणून नऊ ते साडेदहाच्या दरम्यान दिवसभराच्या जवळजवळ सगळ्या गाड्या आत येतात. गाडी उचलून खालून काम करायचे रॅम्प मोजके, एकेका ॲडव्हायझरकडे (गाडी ताब्यात घेऊन काम लिहून घेणाऱ्या माणसाकडे) डझनभर गाड्या. तुमची गाडी अकराव्या नंबरवर असेल तर ती रॅम्पवर चढते दुपारी. चढल्यावर मेकॅनिकला ब्रेक पॅड झिजलेले दिसतात. तो ॲडव्हायझरला सांगतो, ॲडव्हायझर तुम्हाला फोन करतो, तुम्ही मीटिंगमध्ये. मंजुरी येईपर्यंत गाडी खाली उतरवतात आणि रॅम्पवर पुढची गाडी जाते. तासाभराने तुम्ही हो म्हणता, तेव्हा रांग नव्याने सुरू. चार वाजता सगळ्या गाड्या एकदम धुण्याच्या जागेपाशी जमतात, तिथे माणसं दोन. दिवसातला सगळ्यात मोठा खोळंबा हाच.

म्हणून "गाडी कधी मिळेल?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर कायम "संध्याकाळपर्यंत" असतं. विचारायचं ते असं: "रॅम्पवर किती वाजता चढणार?" आणि ती वेळ जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना कामं लिहिली जातात त्या कागदावर, लिहून घ्यायची. शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवारमधला पहिला स्लॉट धरा. शनिवार, सोमवार, महिन्याचा शेवटचा आठवडा आणि गणपती-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. महिनाअखेरीला बिलिंगचं टार्गेट असतं, तेव्हा गाड्याही जास्त घेतात आणि रंगावर संरक्षक थर चढवायच्या कोटिंगचा आग्रहही वाढतो. आणखी एक सोपा उपाय आहे, पण तो कुणी वापरत नाही: जॉब कार्डावर "वॉशिंग नको" असं लिहा. संध्याकाळचा तास-दीड तास तिथेच वाचतो. घराजवळच्या वॉशिंगवाल्याकडे गाडी बहुतेक वेळा जास्त चांगली धुतली जाते.

पॅडसारख्या गोष्टींची मंजुरी आधीच देऊन ठेवता येते. "पॅड तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला, फोनची वाट बघू नका, बाकी काहीही व्हॉट्सॲपवर फोटो आणि किंमत पाठवल्याशिवाय करू नका." एवढं एक वाक्य कार्डावर असलं की दुपारचा खोळंबा टळतो.

आता कर्टसी कार. आपली गाडी वर्कशॉपमध्ये असताना डीलरने वापरायला दिलेली दुसरी गाडी. ब्रिटनमध्ये हा शब्द सर्व्हिसच्या बुकिंगसोबतच ऐकू येतो, पण तिथेही आधी मागावी लागते आणि गाड्या मोजक्या असतात. आपल्याकडे महागड्या ब्रँडचे डीलर ती देतात, साध्या गाड्यांच्या डीलरकडे ती बहुतेक वेळा सेल्समनच्या बोलण्यातच असते. गाडी घेताना "सर, सर्व्हिसला दिली तर आम्ही दुसरी गाडी देतो ना" असं ऐकलं असेल, तर ते कोटेशनवर किंवा ईमेलवर लिहून घेतलं होतं का, हे आठवून बघा. तोंडी शब्दाला सर्व्हिसच्या काउंटरवर किंमत नाही. सेल्स आणि सर्व्हिस हे एकाच छपराखालचे दोन वेगळे संसार आहेत.

शोरूमबाहेर टेस्ट ड्राइव्हच्या तीन गाड्या उभ्या दिसतात, मग त्यातली एक का देत नाहीत? ट्रेड सर्टिफिकेटवर (आरटीओने डीलरला दिलेल्या परवान्यावर) चालणारी, नोंदणी न झालेली गाडी ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, उदाहरणार्थ चाचणीसाठी किंवा गिऱ्हाइकाला चालवून दाखवण्यासाठी. तुमच्या ऑफिसच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. नोंदणी झालेली डेमो गाडी असेल तर ती उद्याच्या गिऱ्हाइकासाठी हवी असते. आणि पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, म्हणून डीलरला ती फुकटच द्यावी लागते. तिचा विमा, हप्ता आणि तुम्ही पाडलेला ओरखडा त्याच्याच खिशातून जातो. ज्या डीलरकडे अशा दोनच गाड्या आहेत, तो त्या साध्या सर्व्हिसला देणार नाही. बॉडी शॉपमध्ये आठवडाभर अडकलेल्या गाडीच्या मालकाला देईल, तेही त्याने आरडाओरडा केल्यावर.

म्हणून मागायची वेळ बुकिंगची. सर्व्हिसच्या दिवशी सकाळी काउंटरवर मागितलेली कर्टसी कार मिळत नाही. बुकिंग करताना विचारा, आणि ती नसेल तर त्याऐवजी काय मिळेल तेही विचारा: घरून पिकअप-ड्रॉप, ऑफिसपर्यंत सोडणं, कॅबचे पैसे. टोयोटाच्या डीलरकडे एक्स्प्रेस मेंटेनन्स मिळतो, त्यात दोन-तीन जण एकाच वेळी गाडीवर लागतात आणि साठ मिनिटांत काम उरकतं. अशी सोय असली तर दुसऱ्या गाडीचा प्रश्नच येत नाही. पुण्यात वर्कशॉप मेट्रोच्या वनाझ–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मार्गाजवळ असेल, तर गाडी सोडून मेट्रोने जाणं हे शटलच्या व्हॅनमध्ये चौघांची वाट बघण्यापेक्षा बरं.

गाडी मिळालीच, तर चावी घेण्याआधी दहा मिनिटं द्या. आरसी, विमा आणि पीयूसीची तारीख बघा. चारही बाजूंचा, चाकांच्या रिमचा आणि विंडशील्डचा व्हिडिओ काढा, त्यात ओडोमीटर आणि पेट्रोलचा काटा येऊ द्या. जिथे सही मागतात त्या हमीपत्रात नुकसानीची रक्कम कोण आणि किती भरणार, हे वाचा. तुमच्या पॉलिसीतला झीरो डेप (पार्टच्या भरपाईतून घसारा न कापण्याची सोय) तुमच्या गाडीपुरता आहे, त्या गाडीला तो लागू होत नाही. ई-चलन नोंदणीकृत मालकाच्या नावावर येतं, म्हणजे डीलरकडे, आणि तो ते तुमच्या बिलात लावतो. तेव्हा गाडी घेतल्याची आणि परत केल्याची तारीख-वेळ कागदावर हवी. फास्टॅगमधला बॅलन्सही लिहून ठेवा. टोलच्या दीडशे रुपयांवरून संध्याकाळी वाद घालण्यात मजा नाही.

खरा त्रास अपघातानंतरच्या दुरुस्तीत आहे, कारण तिथे तास नाही, दिवस जातात. बम्पर आणि फेंडर रंगवायचे तर पुट्टी, प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट आणि साधारण साठ अंशांवर अर्धा तास बूथमध्ये भाजणं, एवढंच काम. निवांत धरलं तरी दोन-तीन दिवस. मग दहा दिवस का लागतात? सुरुवातीचं एस्टिमेट बाहेरून बघून केलेलं असतं. विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर येतो, मंजुरी मिळते, बम्पर उघडला की आत रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला दिसतो. मग पुरवणी एस्टिमेट, परत सर्व्हेअर, परत मंजुरी. त्यानंतर पार्टची ऑर्डर. शेवटी रीइन्स्पेक्शन, म्हणजे दुरुस्तीनंतरची तपासणी, आणि विमा कंपनीचं डिलिव्हरीचं पत्र. रंगाला तीन दिवस आणि कागदाला सात.

यातले दोन-तीन दिवस वाचवायचे तर सर्व्हेअर येण्याआधीच बम्पर उतरवून ठेवायला सांगा, म्हणजे आतलं नुकसान पहिल्याच भेटीत नोंदलं जाईल. आणि पार्ट मागवताना साधी स्टॉक ऑर्डर टाकली की व्हीओआर, हे विचारा. व्हीओआर म्हणजे गाडी रस्त्यावर चालू शकत नाही म्हणून तातडीने मागवलेला पार्ट, तो गोदामातून वेगळ्या रांगेत येतो. ऑर्डर नंबर मागा. "पार्ट कंपनीकडूनच येत नाहीये" असं सांगणाऱ्याकडे ऑर्डर नंबर नसेल, तर बहुधा ऑर्डरच गेलेली नाही.

इथे कर्टसी कारपेक्षा भरवशाची गोष्ट विम्यातच असते: डेली अलाउन्सचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं जोडकव्हर. गाडी दुरुस्तीला असताना रोजचे ठरलेले पैसे मिळतात, त्यात कॅब किंवा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेता येते. पण अटी वाचा. बहुतेक पॉलिसींत पहिले काही दिवस वगळतात, कमाल दिवसांना मर्यादा असते, आणि क्लेम मंजूर झाला तरच पैसे मिळतात. गाडी आत गेल्याची तारीख गेट-पासवर नसेल तर दिवस मोजताना भांडण होतं. या ॲड-ऑनची चौकशी नूतनीकरणाच्या वेळी करायची, बम्पर फुटल्यावर नाही.

बिलाकडे वळू. ऑइल लिटरमध्ये लावतात. छोट्या पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं, आपला नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बिलात त्याहून अर्धा लिटर जास्त दिसला तर विचारा. ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला का, तेही विचारा. वीस-तीस रुपयांचा तो वॉशर जुनाच ठेवला की महिन्याने पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसतात. डिपस्टिक गाडी सपाट जागी बंद करून पाच मिनिटांनी बघायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि मजुरीवर आधीपासून १८ आहेच. पार्टच्या ओळीत अजून २८ दिसत असेल तर बिल परत द्या. दहा हजार किलोमीटरला इंजिन डीकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण हे सगळं मॅन्युअलच्या तक्त्यात शोधा. नाही सापडलं तर नाही म्हणा. फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी फुकट असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतातच, ती फसवणूक नाही.

तक्रार लिहितानाही निदान लिहू नका, लक्षण लिहा. "सस्पेन्शन बघा" असं लिहिलं की कार्डावर "आवाज" एवढंच उमटतं आणि संध्याकाळी "चेक केलं, ओके आहे" असं उत्तर येतं. "२० च्या वेगात स्पीडब्रेकर उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड, गाडी थंड असताना जास्त" असं लिहिलं तर मेकॅनिक आधी स्टॅबिलायझर लिंक (सस्पेन्शनमधला जोडदांडा) हलवून बघतो. गाडी देतानाच त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. हे न केल्यामुळे त्याच आवाजासाठी दुसऱ्यांदा सुट्टी घ्यावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला तर कर्टसी कारचं कुणी नावही काढत नाही. बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा; वॉरंटीतले मात्र कंपनीकडे परत जातात.

वॉरंटी संपलेल्या गाडीला साध्या कामासाठी डीलरकडेच जायची सक्ती नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली. ऑइल, फिल्टर, पॅड ही कामं ओळखीचा मेकॅनिक डोळ्यांसमोर तासाभरात करून देतो, तुम्ही शेजारी चहा पीत बसता. पार्ट कंपनीचाच आणा, ऑइलचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणे घ्या आणि बिलं जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर मात्र डीलरकडेच जा. बाहेर काम करून घ्यायचा हक्क असला तरी गिअरबॉक्सच्या क्लेमच्या वेळी वाद घालायची ताकद प्रत्येकात नसते.

लेखी कबूल केलेली गाडी किंवा वेळ पाळली नाही, तर ॲडव्हायझरवर ओरडून काही होत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून तक्रार क्रमांक घ्या, त्यानंतर डीलरला कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं. तिथेही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. जॉब कार्डाचा फोटो, व्हॉट्सॲप आणि ईमेल हाच पुरावा.

सर्व्हिसनंतर एक-दोन दिवसांत कंपनीकडून फोन येतो आणि दहापैकी गुण विचारतात. त्याआधी ॲडव्हायझर "सर, दहाच द्या" म्हणून विनवतो, कारण त्या गुणांवर त्याचा आणि डीलरचा इन्सेंटिव्ह ठरतो. राहिलेलं काम करून घ्यायचं असेल तर ते त्या फोनच्या आधी सांगा. फोन झाल्यावर तुमचा नंबर त्याच्या यादीत तळाला जातो.